नंबर नाही, तरी चष्मा

या वेळच्या टपालात एकाच विषयावरची पत्रं बरीच निघाली. डोळ्यांना नंबर नाही, पण चष्मा आवडतो, चेहऱ्याला शोभतो. मग घालावा का, आणि घेताना काय बघावं? उत्तरं फिटिंगचं काम करणाऱ्या कारागिरांनी आणि नंबर तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टनी मिळून लिहिली आहेत. किमती दुकानागणिक आणि गावागणिक बदलतात, म्हणून त्या दिलेल्या नाहीत.

कॉलेजला घालायला जाड काळी फ्रेम घेतली. तिच्यात काचा आधीपासूनच होत्या, फक्त एका काचेवर कंपनीचं नाव छापलेलं होतं. ते नेलपॉलिश रिमूव्हरनं पुसलं तर काच धुरकट झाली. आता काय करू? (सांगली)

धुरकट झाली ती काच वाचणार नाही, आणि वाचवण्यासारखी ती नव्हतीच. दुकानात मांडलेल्या फ्रेममध्ये जे पारदर्शक तुकडे असतात त्यांना डेमो लेन्स म्हणतात. फ्रेमचा आकार बिघडू नये आणि गिऱ्हाइकाला ती चेहऱ्यावर कशी दिसते ते कळावं, एवढ्याचसाठी ते बसवतात. ते बहुधा साध्या प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेले असतात. त्यांवर ओरखड्यांपासून वाचवणारा थर नसतो, चकाकी घालवणारं कोटिंग नसतं, आणि नजर त्यांतून सरळ जाईल याची कोणी हमी दिलेली नसते. आठवडाभर रुमालानं पुसलं की जाळं धरतात.

रिमूव्हरमध्ये अ‍ॅसिटोन असतं. ते अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट ही काचांची दोन्ही प्लास्टिकं खातं, आणि तुमची काळी फ्रेम अ‍ॅसिटेटची असेल, म्हणजे जाड प्लास्टिकची, तर तीही. फ्रेमच्या कडेला जिथे रिमूव्हर लागलं असेल तिथली चमक गेली आहे का, ते उजेडात बघा. गेली असेल तर दुकानात बफवर पॉलिश करून मिळते.

आता दुकानात जाऊन ‘झिरो नंबरच्या काचा, अँटिरिफ्लेक्शन कोटिंगसह’, म्हणजे चकाकी घालवणाऱ्या थरासह, असं मागा. त्यातला कोटिंगचा भाग महत्त्वाचा. कोटिंग नसलेली साधी प्लास्टिकची काच, म्हणजे सीआर-३९, प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. दोन पृष्ठभागांचे मिळून ८ टक्के झाले. पॉलिकार्बोनेटचा आकडा जवळपास १० टक्क्यांवर जातो. हा परतलेला उजेडच समोरच्याला दिसतो: तुमच्या डोळ्यांऐवजी खिडकी, ट्यूबलाइट आणि मोबाइलचा पडदा. शोभेच्या चष्म्यात डोळे दिसणं हाच तर मुद्दा. त्यामुळे पैसे फ्रेमवरच संपवून काचेला कात्री लावणं हा उलटा हिशेब आहे.

एका गोष्टीला मात्र ठाम नाही म्हणा. दुकानदार १.६७ इंडेक्सची (काच उजेड किती वाकवते त्याचा आकडा) महागडी पातळ लेन्स सुचवेल. मोठ्या नंबरच्या काचा पातळ करायला ती बनवलेली असते. शून्य नंबरच्या काचेची कड आणि मधला भाग सारख्याच जाडीचे असतात, मग पातळ काय करायचं? उलट अर्ध्या फ्रेमचा चष्मा असेल, म्हणजे खालून नायलॉनचा दोरा असलेला, तर काच साधारण २ मिलिमीटर जाडच हवी. त्या कडेत खोबण पाडून दोरा बसवतात. कड त्याहून पातळ असली तर खोबणीच्या दोन्ही बाजूंना कपचे उडतात. बिनफ्रेमच्या चष्म्यात काचेला भोकं पाडावी लागतात. तिथे सीआर-३९ घेऊ नका, भोकापासून तडा जातो. पॉलिकार्बोनेट किंवा ट्रायव्हेक्स हे चिवट प्लास्टिक मागा.

नंबर नसताना चष्मा लावला तर नंबर लागतो, असं घरचे म्हणतात. खरं का? (परभणी)

नाही. शून्य नंबरची काच उजेडाची वाट बदलत नाही, त्यामुळे डोळ्याला तिची सवयही लागत नाही. दुसऱ्याचा नंबरचा चष्मा हौसेनं घातला तर मात्र डोकं दुखेल. घरच्यांच्या अनुभवात बहुधा तेच झालेलं असतं.

ऑनलाइन मागवलेला झिरो नंबरचा चष्मा घातला की तासाभरात डोकं जड होतं. काच खरंच शून्य आहे हे घरी कसं तपासायचं? (नाशिक रोड)

चष्मा डोळ्यांपासून हातभर लांब धरा. एका काचेतून दाराच्या चौकटीची उभी कड बघा आणि चष्मा हळूहळू डावीउजवीकडे हलवा. काच शून्य असेल तर आत दिसणारी कड जागची हलत नाही, काचेबाहेरच्या कडेशी सलग राहते. चष्म्याच्या उलट दिशेला पळत असेल तर काचेत अधिक नंबर आहे. चष्म्याबरोबर त्याच दिशेला सरकत असेल तर उणे नंबर आहे. मग चष्मा तसाच धरून घड्याळाच्या काट्यासारखा थोडा फिरवा. चौकटीची रेघ कात्रीसारखी तिरपी झाली तर सिलेंडर, म्हणजे एकाच दिशेनं काम करणारा नंबर आहे. दोन्ही काचा वेगवेगळ्या तपासा.

आणखी एक तपासणी लाटांची. काच रेघेवरून सावकाश नेताना रेघ मध्येच कंप पावली, पाण्यात दिसावी तशी वाकली, तर साच्यातून काढलेली हलकी काच तुमच्या माथी मारली आहे. तिच्यात मोजण्यासारखा नंबर नसतो, पण दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं मिळतात. डोकं जड व्हायला तेवढं पुरतं. कुठल्याही चष्म्याच्या दुकानात लेन्सोमीटर असतो. त्याखाली काच धरली की काही क्षणांत आकडा कळतो.

काचा चोख निघाल्या आणि तरीही डोकं दुखत असेल तर फ्रेम कानामागे किंवा कानशिलावर दाबते आहे का ते बघा. तेही नसेल तर डोळे तपासून घ्या. स्वतःला नंबर नाही असं समजणाऱ्या बऱ्याच जणांनी शाळेनंतर डोळे तपासलेलेच नसतात.

काडीच्या आतल्या बाजूला ५२, चौकोन, १८, १४० असं लिहिलंय. त्याचा अर्थ काय? आणि चष्मा सारखा नाकावरून घसरतो त्याला उपाय? (ठाणे)

५२ ही एका काचेची रुंदी, १८ हे दोन काचांमधलं म्हणजे नाकावरचं अंतर, १४० ही काडीची लांबी. सगळं मिलिमीटरमध्ये. सध्या बरा बसणारा एखादा गॉगल घरात असेल तर त्याचे आकडे उतरवून घ्या आणि नवी फ्रेम त्याच्या आसपास निवडा. गोल चेहऱ्याला चौकोनी आणि चौकोनी चेहऱ्याला गोल, ह्या तक्त्यांपेक्षा ही पद्धत जास्त कामी येते.

आणखी एक हिशेब करून बघा. काचेची रुंदी अधिक नाकावरचं अंतर, म्हणजे इथे ५२ आणि १८ मिळून ७०. तुमच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर समजा ६२ आहे. मग प्रत्येक बाहुली काचेच्या मध्यापासून ४ मिलिमीटर नाकाकडे येईल. हे छान दिसतं. हाच फरक ८-१० मिलिमीटरवर गेला की डोळे नाकाशी गोळा झाल्यासारखे दिसतात आणि चष्मा मोठ्या भावाचा वाटतो. नंबर नसल्यामुळे नजरेला काही होत नाही, बिघडतं ते रूप. मुद्दाम मोठ्या फ्रेमची फॅशन करायची असेल तर गोष्ट वेगळी. पण तेव्हाही भुवया एक तर काठावर याव्यात नाहीतर पूर्ण वर राहाव्यात. काचेच्या मधोमध आलेली भुवई विचित्र दिसते.

घसरण्याची कारणं तीन. पहिलं, नाकावरचं अंतर जास्त. धातूच्या फ्रेमला नोजपॅड असतात, ते आत वळवून देता येतात. अ‍ॅसिटेटच्या फ्रेमला ते नसतात, तिथे सिलिकॉनचे चिकटवायचे पॅड लावायचे. दुसरं, काडीचं वळण चुकीच्या जागी. काडी कानाच्या शेंड्याला टेकते त्याच्या लगेच मागे वळण सुरू व्हायला हवं. ते सेंटिमीटरभर मागे असलं तर मान खाली घातली की चष्मा तेवढाच पुढे येतो. तिसरं कारण कोणाच्या ध्यानात येत नाही: फ्रेम चेहऱ्याला अरुंद असणं. काड्या कानापर्यंत पोचायच्या आधीच कानशिलावर दाबतात आणि चष्म्याला पुढे ढकलतात. लोकांना वाटतं चष्मा सैल आहे, म्हणून ते तो आणखी आवळून आणतात आणि तो आणखी घसरतो. कानशिलावर चरे उमटत असतील तर तुमचा प्रकार हाच आहे.

वळण बदलायचं काम दुकानातच करून घ्या. अ‍ॅसिटेट गरम हवेनं मऊ करून वळवतात. घरी हेअर ड्रायर वापरलात तर काचेवरचं कोटिंग तापून कोळ्याच्या जाळ्यासारखं तडकतं, ते पुन्हा सांधत नाही. उन्हातल्या गाडीत डॅशबोर्डवर चष्मा ठेवला तरी हाच परिणाम. टीआर-९० ची फ्रेम घेतली असेल तर दुकानदारही फार काही करू शकणार नाही. ते नायलॉन वाकवलं तरी मूळ जागी येतं. हलकी, लवचीक फ्रेम म्हणून ती खपते. पण घेतानाच नीट बसली तरच घ्यावी.

नंबर नाही, पण दिवसभर लॅपटॉपवर काम. ब्लू कट (निळा उजेड अडवणाऱ्या काचांचा) चष्मा घेतला तर फॅशनही होईल आणि डोळेही वाचतील, असं दुकानदार म्हणतो. (हिंजवडी)

फॅशनपुरता घ्यायचा तर घ्या, डोळे वाचवायला नको. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेनं २०२३ मध्ये १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. पडद्यासमोर काम करताना डोळ्यांना येणारा थकवा अशा काचांनी कमी होत असल्याचं त्यात दिसलं नाही, निदान थोड्या काळाच्या वापरात तरी. पडद्यातून येणारा निळा उजेड दिवसाच्या मोकळ्या उजेडापुढे किरकोळच असतो. डोळे थकतात ते पापण्या कमी लवतात म्हणून आणि नजर एकाच अंतरावर अडकते म्हणून. दर २० मिनिटांनी २० सेकंद ६ मीटरपलीकडे बघा, एसीची हवा थेट तोंडावर घेऊ नका.

फॅशनच्या अंगानंही ब्लू कट कमीच पडतो. बऱ्याच ब्लू कट काचा किंचित पिवळट असतात, पांढऱ्या कपड्यांवर ते कळतं. आणि व्हिडिओ कॉलवर त्यांतून निळी-जांभळी चकाकी येते. साध्या अँटिरिफ्लेक्शन काचेत उरणारी हिरवट झाक त्यापेक्षा फिकी असते. घराबाहेर जास्त वावर असेल तर ब्लू कटऐवजी यूव्ही-४००, म्हणजे उन्हातले अतिनील किरण अडवणारी काच, विचारा. रंगहीन काचेतही ते मिळतं.

राज्य नाट्य स्पर्धेसाठी नाटक बसवतोय. मास्तरांच्या भूमिकेला चष्मा हवा. काचा ठेवल्या तर दिव्यांचा लखलखाट, काढल्या तर खोटं दिसेल अशी भीती. (रत्नागिरी)

थिएटरात काढा. काचेशिवायचा चष्मा ही नटांची जुनी युक्ती आहे. मूकपटांच्या काळात, १९१७ पासून, अमेरिकी विनोदी नट हॅरल्ड लॉइडनं गोल जाड फ्रेमचं जे पात्र रंगवलं त्याच्या चष्म्यात काचा नव्हत्या. प्रेक्षकापासून पाचसहा मीटरवर काच आहे की नाही हे ओळखू येत नाही. ओळखू येतं ते नटाच्या वागण्यानं. डोळ्यात काही गेलं की तो थेट फ्रेममधून बोट घालतो आणि सभागृह हसतं. चष्मा काढून डोळा चोळायचा, हे तालमीतच अंगी बाणवा. चष्मा पुसायचा प्रसंग असेल तर अर्थातच काचा हव्यात.

काचा काढायच्या तर फ्रेम पूर्ण कडेची, अ‍ॅसिटेटची घ्या. काच अंगठ्यानं आतून बाहेरच्या बाजूला दाबली की सुटते. धातूच्या बारीक कडेची फ्रेम काचेवाचून वाकडी होते आणि तिचे स्क्रू प्रयोगात ढिले होतात. दोरावाल्या फ्रेमचा तर प्रश्नच नाही, काच नसली की दोरा लोंबतो.

चित्रीकरण असेल तर उलट. क्लोजअपमध्ये काच नसल्याचं लगेच कळतं, कारण डोळ्यांसमोर एकही चमक येत नाही. तिथे चांगलं कोटिंग केलेली काच ठेवा आणि चकाकी दोन प्रकारे घालवा. मुख्य दिवा नटाच्या डोळ्यांच्या पातळीपासून बराच वर न्या. आणि काड्यांची टोकं कानावर किंचित उचला, म्हणजे काचांची वरची कड पुढे झुकते आणि दिव्याचं प्रतिबिंब कॅमेऱ्याकडे न जाता जमिनीकडे जातं. कानामागे कापसाची छोटी घडी ठेवली तरी पुरते, केसांखाली ती दिसत नाही.

मास्तर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखी भिंगं लावणारे असतील तर शून्य नंबरच्या काचेनं तो भास होणार नाही. मोठ्या उणे नंबरमागे डोळे बारीक दिसतात आणि चेहऱ्याची कड आत तुटल्यासारखी दिसते. तो परिणाम नंबराचाच आहे. पण म्हणून नटाला खरा नंबर चढवू नका. पायऱ्यांचा, लेव्हलचा अंदाज चुकून तो पडेल.

आजोबांचा गोल काड्यांचा जुना चष्मा सापडला. वरच्या-खालच्या दोन नंबरांच्या काचा आहेत, कडा हिरव्या पडल्यात. नंबर काढून मला घालता येईल का? (वाई)

बहुतेक वेळा येतो, आणि नव्या फ्रेमपेक्षा देखणाही दिसतो. आधी कशाचा आहे ते ओळखा. प्लास्टिकचा भाग बोटानं जोरात घासून हुंगा. कापराचा वास आला तर ते सेल्युलॉइड आहे. ते झटकन पेट घेतं, त्यामुळे त्याला गरम हवा लावायची नाही हे दुकानदारालाही बजावून सांगा.

हिरवा थर म्हणजे तांबं असलेल्या धातूवर घाम आणि तेलाचा झालेला परिणाम. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका, चष्मा दहा मिनिटं बुडवा, जुन्या मऊ टूथब्रशनं बिजागरीपासून कडेपर्यंत घासा. नोजपॅड धुवत बसू नका, नवेच बसवून घ्या. अडकलेल्या स्क्रूवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी बसत्या मापाच्याच स्क्रूड्रायव्हरनं उघडा. माप चुकलं तर स्क्रूचं डोकं झिजतं आणि मग तो ड्रिल करून काढावा लागतो.

जुन्या काचा खऱ्या काचेच्या असतील तर जड लागतील. काचेची घनता सुमारे २.५, सीआर-३९ ची १.३, म्हणजे जवळपास निम्मं वजन. त्या कागदात गुंडाळून ठेवून द्या. नव्या काचा कापायला नमुना म्हणून त्याच लागतात. काच गोल असेल तर ती फ्रेममध्ये फिरते. नंबरात सिलेंडर असलेल्या माणसाला ही कटकट असते, तुम्हाला नाही. शून्य काच कशीही फिरली तरी शून्यच.

अडचण एकाच गोष्टीची येते. कानामागे गुंडाळणाऱ्या तारेच्या काड्या ज्या कानासाठी घेतल्या त्यालाच बसतात. लांब पडल्या तर त्या फारशा आखूड होत नाहीत. बिजागरीच्या मापाच्या दुसऱ्या काड्या मिळतात का ते जुन्या शहरातल्या जुन्या दुकानात विचारा.

लेसिक करून नंबर गेला, पण चष्म्याशिवाय आरशात स्वतःचा चेहरा ओळखीचा वाटत नाही. जुन्याच फ्रेममध्ये साध्या काचा घालू का? (पुणे)

घाला. नाकावरच्या जुन्या खुणा आणि डोळ्यांभोवतीचा वेगळा रंग झाकला जातो म्हणून असा चष्मा वापरणारे पुष्कळ असतात. ऑपरेशननंतरचे काही महिने डोळे कोरडे पडण्याची तक्रार नेहमीची, तेव्हा दुचाकीवर वाऱ्याला थोडा आडोसाही मिळतो. फक्त जुन्या काचा लगेच बदला. सवयीनं हात त्याच चष्म्याकडे जातो. आणि वय चाळिशीकडे झुकलं असेल तर फ्रेमची उंची किमान ३० मिलिमीटर आहे ना ते बघून ठेवा. जवळचा नंबर आला की त्याच फ्रेममध्ये वर शून्य आणि खाली वाचायचा नंबर अशी प्रोग्रेसिव्ह काच आरामात बसते.

आठ वर्षांच्या मुलीला मैत्रिणीसारखा चष्मा हवाय. खोटा घेऊन द्यावा का? (अकोला)

आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. चष्म्याचा हट्ट आणि फळा न दिसणं या गोष्टी कधीकधी एकत्र येतात, आणि एका डोळ्याचा नंबर असेल तर मुलांच्या ते लक्षातही येत नाही. मुलगी मुद्दाम ‘दिसत नाही’ म्हणाली तर काळजी नको. तपासणारे एक अधिक आणि एक तेवढीच उणे काच एकावर एक ठेवतात, म्हणजे बेरीज शून्य. आणि मूल खुशाल शेवटची ओळ वाचतं.

नंबर नाही असं कळलं तर चष्मा घेऊन द्यायला हरकत नाही. काच पॉलिकार्बोनेटचीच, फ्रेम तिच्या मापाची. काच नसलेली फ्रेम देऊ नका. पडल्यावर तिची कड सरळ डोळ्याकडे जाते.

धातूच्या फ्रेमनं नाकाच्या बाजूला खाज आणि लाल चट्टे येतात. (मडगाव)

निकेलची अ‍ॅलर्जी असावी. नकली दागिन्यांनी कान पिकत असतील तर जवळपास नक्कीच. घाम जास्त तिथे हा त्रासही जास्त. शुद्ध टायटॅनियमची फ्रेम घ्या नाहीतर अ‍ॅसिटेटची. अ‍ॅसिटेट घामानं पांढरट पडतं, पण ते पॉलिशनं निघतं आणि कातडीला काही करत नाही. चट्टे गेले नाहीत तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

अमेरिकेच्या व्हिसासाठी फोटो काढायचाय. रोज झिरो नंबरचा चष्मा असतो, तोच ठेवू का? (नागपूर)

चष्मा काढा. १ नोव्हेंबर २०१६ पासून त्या फोटोत चष्मा चालत नाही, नंबरचाही नाही. फोटोच्या अर्धा तास आधीच काढून ठेवा, म्हणजे नाकावरचे पॅडचे वळ उतरतील.